अवधाण का येते?

पायाला काटा रुतून जखम चिघळली की जांघेत गाठ येते. घरातील वडील मंडळी म्हणतात, 'अवधाण आले.' जखम पायाला आणि गाठ जांघेत, असे का व्हावे?

जांघेत, काखेत आणि मानेत लसीका ग्रंथी असतात. जखमेतील जंतूंचे अंश लसीकेबरोबर जवळच्या ग्रंथीत येतात. मात्र एखादा विशिष्ट जंतू ओळखणारी लसीका पेशी लाखात एखादीच! तिची गाठ पडावी म्हणून या पेशी रक्तातून ग्रंथीत, तेथून लसीकेत आणि पुन्हा रक्तात अशा अखंड फेऱ्या घालीत असतात. ऑक्सफर्डच्या जेम्स गोवन्स यांनी १९५९ ते १९६४ या काळात उंदरांवरील प्रयोगांनी हे सिद्ध केले.

पण वाहत्या रक्तात पेशीला ग्रंथीचे दार सापडते कसे? तिच्या पृष्ठभागावरील प्रथिनांमुळे. 'एल-सिलेक्टिन' हे प्रथिन ग्रंथीतील खास रक्तवाहिन्यांच्या भिंतीवरील शर्करायुक्त रेणूंना धरते. पकड सैल असल्याने पेशी थांबत नाही, भिंतीवरून गडगडत जाते. तेवढ्यात भिंतीवरचा रासायनिक संकेत 'सीसीआर-७' हे दुसरे प्रथिन ओळखते. त्यासरशी तिसरे प्रथिन, 'एलएफए-१', आपला आकार बदलून भिंतीला घट्ट धरते. पेशी थांबते आणि भिंत ओलांडून आत शिरते. १९८३ साली स्टॅनफर्ड येथील गॅलाटिन, वाइसमन व बुचर यांनी यांतील पहिले प्रथिन एका प्रतिपिंडाने झाकून पाहिले, तेव्हा पेशींना ग्रंथीच्या त्या वाहिन्यांना चिकटता येईना.

बाहेर पडण्यासाठीही पृष्ठभागावर एक निराळे प्रथिन लागते. जंतुसंसर्ग होताच ते काही काळ पृष्ठभागावरून नाहीसे होते. येणाऱ्या पेशी वाढतात, जाणाऱ्या थांबतात, आणि जंतू ओळखणाऱ्या पेशींची संख्या झपाट्याने वाढते. ग्रंथी सुजते, तेच अवधाण!

या ज्ञानाचा उपयोग औषधातही झाला. 'मल्टिपल स्क्लेरॉसिस' या रोगात लसीका पेशी मेंदू व मज्जारज्जूतील मज्जातंतूंच्या आवरणावरच हल्ला करतात. २०१० साली अमेरिकेत मान्यता मिळालेले फिंगोलिमोड हे औषध बाहेर पडण्याची ती वाट बंद करून त्यांना ग्रंथीतच अडकवून ठेवते. रोगाचे झटके कमी होतात, पण संसर्गाचा धोका वाढतो. पहारेकऱ्यांना कोंडून ठेवले तर चोरांना मोकळे रान मिळणारच. म्हणून असे औषध वैद्यकीय देखरेखीखालीच दिले जाते.