ताकाला जाऊन भांडं का लपवायचं?

नोकरी करणाऱ्या मैत्रिणींनो, कामावरचं गाऱ्हाणं कामावरच सांगणाऱ्या आपल्यात कितीजणी निघतील? खरं सांगा हं! एस.टी.त शेजारणीला सांगतो, भाजी निवडताना जाऊबाईंना सांगतो, रात्री ‘यां’ना सांगतो. आणि ज्यांना सांगायला हवं, त्यांच्यासमोर मात्र ‘चाललंय हो’ म्हणून हसतो.

मीही त्यातलीच. रेवदंड्याहून अलिबागला एका शाळेत अर्धवेळ शिकवायला जाते. तास संपले की एस.टी. गाठायची आणि घरी येऊन कुकर लावायचा, हा माझा हिशेब. पण कुणी रजेवर असलं की ऑफ तास नेमका माझ्या गळ्यात! त्याचे पैसे नाहीत, आणि गाडी चुकली की पाऊण तास स्टँडवर उभं राहायचं. सहा महिने मी मनातल्या मनात धुसफुसले. एकदा स्टाफरूममध्ये बोलून गेले, “आम्हा अर्धवेळवाल्यांना वाली कोण? वेळापत्रकवाल्या बाई आपल्या माणसांना सांभाळून घेतात.” ते तिखटमीठ लावून त्यांच्या कानावर गेलं. त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. पुढे एका संध्याकाळी धाकटी तापानं फणफणली होती आणि मी स्टँडवर. त्या रात्री मी राजीनामाच लिहायला घेतला.

सासूबाई देवाजवळ वाती वळत बसल्या होत्या. म्हणाल्या, “सोडायची तर सोड. पण तुला नक्की काय हवंय, ते त्यांना एकदा तरी सांगितलंस का? ताकाला जाऊन भांडं लपवतेस आणि ताक मिळालं नाही म्हणून रडतेस!”

मला ते लागलं, पण पटलंही. दुसऱ्या दिवसापासून एका वहीत तारीख, वर्ग आणि तास टिपायला लागले. महिन्याअखेरीस मोजले तर ऑफ तास चौदा, त्यांतले शेवटचे नऊ. ‘रोजच’ म्हणून मी जे ओरडत होते, ते रोज नव्हतं. पण नऊ गाड्या चुकल्या होत्या, हेही खरं होतं.

आधी वेळापत्रकवाल्या बाईंना एकटीनं गाठलं. मागून बोलले त्याची माफी मागितली आणि वही पुढे ठेवली. त्यांनी आपलं वेळापत्रक उघडून दाखवलं. शेवटच्या तासाला बाकी सगळ्यांचे वर्ग भरलेले, मोकळी काय ती मीच! त्यांचा डाव नव्हताच, मांडणीच तशी झाली होती. मग आम्ही दोघी मिळून मोठ्या बाईंकडे गेलो. शेवटचा ऑफ तास मला नको आणि बाकीचे पाळीपाळीनं वाटावेत, एवढंच मागितलं. पहिलं लगेच मान्य झालं, दुसरं बरंचसं. ऑफ तासाच्या पैशांचं मात्र मोठ्या बाईंच्या हाती नव्हतं, तो अर्ज संस्थेकडे गेलाय. अजून उत्तर नाही. पण स्टाफरूममधला चहा पुन्हा गोड लागू लागलाय.

यातून मी जे शिकले ते तुम्हांलाही उपयोगी पडेल. एका वेळी एकच अडचण मांडा, जुनी उणीदुणी काढू नका. ‘नेहमी’, ‘कधीच’ असे शब्द टाळून तारीख आणि आकडा सांगा. ‘तुम्ही असं करता’ म्हणण्याऐवजी ‘माझी गाडी चुकते’ म्हणा. उपाय आपणच सुचवा. ज्याच्या हाती ते काम आहे त्यालाच भेटा, आणि तेही चारचौघांत नको. साहेब घाईत असतील तर वेळ मागून घ्या. तोंडी बोलून भागलं नाही तर चार ओळींचा अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.

अडचण सगळ्यांची असेल, तर एकटीनं वाईटपणा का घ्यायचा? आपल्याच अलिबाग तालुक्यातलं चरी गाव आठवा. 1933 साली तिथल्या आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकारानं खोतांची जमीन कसायचं थांबवलं. 1939 पर्यंत, म्हणजे सहा वर्षं, त्यांनी पोटाला चिमटा घेऊन संप निभावला. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना पाठिंबा दिला आणि 1937 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. आपल्याला संप करायचा नाही. पण एकट्यादुकट्या कुळाचं जिथे कुणी ऐकलं नसतं, तिथे सगळ्यांनी मिळून केलेल्या मागणीची दखल घ्यावी लागली, एवढं लक्षात ठेवावं.

आणि एक गोष्ट मात्र गोडीगुलाबीची नाही. कुणी नको तिथे हात लावत असेल, अचकटविचकट बोलत असेल, तर ‘समजुतीनं घ्या’ हा सल्ला ऐकू नका. 2013 च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवीच, आणि तिची अध्यक्ष बाईच हवी. तक्रार लेखी आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. चौकशी नव्वद दिवसांत संपवावी लागते. माणसं दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. घरकाम करणाऱ्या बाईलाही तिथे दाद मागता येते, हे आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना जरूर सांगा.

बाकी रोजच्या अडचणींसाठी एक वही पुरते. तुमची आजच घाला. पहिल्या पानावर तारीख टाका आणि त्याखाली लिहा, ‘मला नक्की काय हवंय?’ ते एका ओळीत लिहिता आलं, की भांडं लपवायची गरजच उरत नाही.