समुद्रातील पवनचक्कीचा पाया

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर उभ्या असलेल्या पवनचक्क्या आपल्या भागातील पुष्कळांनी पाहिल्या असतील. पठारावर पायाला कठीण जमिनीचा आधार मिळतो. सळया आणि काँक्रीटचा रुंद चबुतरा जमिनीत गाडला की त्यावर मनोरा उभा राहतो. समुद्रावरचा वारा अधिक वेगवान व एकसारखा असतो. म्हणून तेथेही पवनचक्क्या उभारण्यासाठी केंद्र सरकारने २०१५ साली स्वतंत्र धोरण आखले आणि २०२४ साली गुजरात व तमिळनाडू यांच्या किनाऱ्यांसमोर प्रत्येकी ५०० मेगावॉटच्या प्रकल्पांसाठी अर्थसाहाय्याची योजना मंजूर केली. गुजरातसाठी विचारात असलेले क्षेत्र खंभातच्या आखातालगत, पिपावाव बंदरासमोर आहे. तेथील वारा मोजण्याचे उपकरण २०१७ सालीच समुद्रात बसविण्यात आले.

या आखाताशी आपला जुना संबंध आहे. प्रकाशे येथून वाहत जाणारी तापी सुरतेच्या पुढे त्यालाच मिळते. नर्मदा, मही आणि साबरमती यांचे पाणीही तेथेच जाते. या नद्यांनी हजारो वर्षे वाहून आणलेला गाळ आखाताच्या तळाशी साचला आहे. पायाची खरी परीक्षा अशा तळावर होते.

पाया वजन पेलण्यासाठी असतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. पवनचक्कीच्या बाबतीत वजनापेक्षा आडवा रेटा अधिक अवघड ठरतो. बैल खुंट्याला खाली दाबत नाही, बाजूला ओढतो. जमीन ओली असेल तर तोच खुंटा हळूहळू सैल होतो. समुद्रात वारा आणि लाटा मिळून असे कोट्यवधी हिसके देतात. शिवाय पाती मनोऱ्यासमोरून ठरावीक लयीने फिरतात. मनोऱ्याचे स्वतःचे डोलणे त्या लयीशी जुळले, तर योग्य वेळी ढकललेल्या झोक्याप्रमाणे हेलकावे वाढत जातात. माती जितकी मऊ, तितके हे डोलणे संथ. म्हणून मातीचे गुणधर्म कळल्याविना पायाचे गणित मांडता येत नाही.

पायाचे मुख्य प्रकार चार. उथळ पाण्यात व घट्ट तळावर काँक्रीटचा जड पाया ठेवता येतो. १९९१ साली डेन्मार्कमध्ये विंडेबी येथे उभारलेल्या जगातील पहिल्या सागरी प्रकल्पातील ११ पवनचक्क्या अशाच पायांवर होत्या. साधारण ३०-४० मीटर खोलीपर्यंत पोलादाची एकच प्रचंड नळी तळात ठोकतात. त्याहून खोल पाण्यात अनेक पायांचा पोलादी सांगाडा लागतो. मुंबई हायच्या तेलक्षेत्रात असे सांगाडे आपल्या परिचयाचे आहेत. फार खोल समुद्रात तरंगता पाया साखळ्यांनी नांगरतात.

युरोपातील नमुना जसाच्या तसा आणून येथे चालणार नाही. खंभातच्या आखातात भरती-ओहोटी अतिशय मोठी असते. तिचा जोरदार प्रवाह पायाभोवतीची माती उकरून नेऊ शकतो, म्हणून तेथे दगडांचा थर पसरावा लागतो. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळ याच सौराष्ट्र किनाऱ्यावर धडकले होते. भूकंपाच्या हादऱ्याने पाण्याने भरलेली सैल वाळू क्षणभर द्रवासारखी वागते, तेही हिशेबात धरावे लागते.

म्हणून प्रत्येक जागी तळाला छिद्रे घेऊन मातीचे नमुने तपासावे लागतात. हा खर्च वाचवणे महागात पडते, कारण पाण्याखालील पाया पंचवीस-तीस वर्षे टिकावा लागतो आणि तो मागाहून बदलता येत नाही. आपल्या विद्यार्थ्यांना गणित, भौतिकशास्त्र आणि भूगोल हे तीन निरनिराळे विषय वाटतात. या पायाच्या आराखड्यात त्या तिघांपैकी एकालाही वगळता येत नाही. तापीकाठच्या मुलामुलींनी तिच्या मुखाकडील हे काम आपले मानावे.