चार मिलिअँपियरवरचा संसार

टाकी रिकामी आहे की तार तुटली आहे, हे कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसाने कसं ओळखायचं? शून्य पातळीला शून्य प्रवाह असं ठरवलं तर दोन्ही वेळा पॅनेलवर शून्यच दिसणार. पण एका शून्यासाठी पंप बंद करायचा असतो आणि दुसऱ्यासाठी तार शोधायला माणूस धाडायचा असतो. म्हणून कारखान्यांतली मोजणी शून्यापासून सुरू होत नाही, चारापासून होते. टाकी रिकामी असली की तारेतून ४ मिलिअँपियर प्रवाह वाहतो, निम्मी असली की १२ आणि भरली की २०. खरोखरच शून्य आलं, तर टाकीबद्दल काहीच समजायचं नाही. निरोप्या वाटेतच पडला, एवढंच समजायचं.

हा शहाणपणा विजेच्याही आधीचा आहे. तारांऐवजी तांब्याच्या बारीक नळ्या होत्या आणि निरोप हवेच्या दाबाने जात असे, तेव्हाही मोजपट्टी ३ ते १५ पीएसआय अशीच होती. तळाचा आकडा वरच्याच्या एक-पंचमांश. हवेच्या जागी वीज आली, प्रमाण मात्र तेच राहिलं.

त्या चार मिलिअँपियरवर आणखी एक गोष्ट चालते आणि ती मला आजही थक्क करते. टाकीवर बसलेल्या ट्रान्समीटरला वेगळी वीज मिळत नाही. निरोप न्यायच्या ज्या दोन तारा, त्यांतूनच त्याचं पोट भरतं. बिघाड झाला तर तो प्रवाह ३.६ मिलिअँपियरपर्यंत खाली आणून 'मी आजारी आहे' असं सांगतो, म्हणजे तेवढ्यातही त्याला जिवंत राहावं लागतं. त्याच्या वाट्याला १२ व्होल्ट येतात असं धरलं, तर हा सगळा संसार ४३ मिलिवॅटवर चालतो. मोबाइलचा साधा १० वॅटचा चार्जर याच्या दोनशेपटींहून जास्त वीज देतो. एवढ्याशा शिध्यावर तो दाब मोजतो, तापमानाचा हिशेब करून चूक सुधारतो, पडद्यावर आकडा दाखवतो. आणि आपण हाक मारली तर उत्तर देतो. ही हाक नेमकी जाते कशी, ते सांगण्यासाठी हा लेख.

इन्स्ट्रुमेंटवाल्यांच्या बोलीत कंट्रोल रूमच्या दाराबाहेरचं सगळं म्हणजे 'फिल्ड'. पूर्वी फिल्डमधल्या ट्रान्समीटरची रेंज बदलायची, तर एकच रस्ता होता: शिडी. परमिट काढायचं, हेल्मेट आणि सेफ्टी बेल्ट चढवायचा, चाळीस मीटरच्या कॉलमवर जायचं, झाकण उघडायचं, हातपंपाने ठरलेला दाब द्यायचा आणि स्क्रूड्रायव्हरने आधी 'झिरो' आणि मग 'स्पॅन' जुळवायचा. हे दोन स्क्रू एकमेकांशी भांडत. झिरो बसवला की स्पॅन सरके, स्पॅन बसवला की झिरो. वर एक माणूस, खाली पॅनेलसमोर दुसरा आणि मध्ये वॉकीटॉकी. 'आता किती?' 'अकरा पॉइंट नऊ.' 'आता?' कोकणपट्टीतल्या रासायनिक कारखान्यात जुलै महिन्यात असं झाकण उघडायचं, तर एकाने प्लास्टिकचा कागद धरून उभं राहायचं. इतका खटाटोप कशासाठी, तर एक आकडा बदलण्यासाठी.

१९८३ मध्ये हनीवेलने मायक्रोप्रोसेसर असलेला ट्रान्समीटर बाजारात आणला आणि उपकरणाला बुद्धी आली. आता त्याच्याशी बोलायची सोय हवी होती. जगभरच्या कारखान्यांत लक्षावधी तारा आधीच टाकलेल्या होत्या, जमिनीखालून, ट्रेमधून, जंक्शन बॉक्सांतून. त्या उपटून नव्या टाकणं कुणाला परवडणार? आणि त्याच तारांवर बोलावं, तर तिथे ४ ते २० चा निरोप अखंड चालू. त्याला धक्का लागला, तर कुठेतरी व्हॉल्व्ह नको तेव्हा उघडेल.

त्याच दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या रोझमाउंट कंपनीने यावर जो तोडगा काढला, त्याचं नाव हार्ट: हायवे अ‍ॅड्रेसेबल रिमोट ट्रान्सड्यूसर. तो समजायला समुद्राकाठी जाणं सोपं. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती-ओहोटीची नोंद होत आली आहे. पण समुद्र तर क्षणोक्षणी हेलकावतो, मग भरतीची उंची मोजायची कशी? जुन्या पद्धतीच्या भरतीमापकात एक उभी विहीर असते आणि तिच्या तळाशी लहानसं भोक. लाट त्या भोकातून आत शिरेपर्यंत ओसरून जाते, त्यामुळे आत पोचतं ते फक्त भरतीचं संथ चढणं-उतरणं. लाट जेवढी वर जाते तेवढीच खाली येते. सरासरी काढली तर ती नसल्यासारखीच.

हार्टने नेमकं हेच केलं. ४ ते २० मिलिअँपियरची भरती-ओहोटी आपल्या गतीने चालू ठेवली आणि तिच्या पाठीवर अर्ध्या मिलिअँपियरची लाट सोडली, अर्धा वर आणि अर्धा खाली. जुन्या पॅनेलला विहिरीसारखं फक्त पाणी दिसतं, लाट त्याच्या गावीही नसते. ज्याला लाट वाचता येते, त्याला मात्र तिच्यात सगळा मजकूर सापडतो. आणि ही लाट कोणत्या भाषेत बोलणार, हेही नव्याने शोधलं नाही. टेलिफोनच्या तारेवरून संगणकांची माहिती धाडायला अमेरिकेत 'बेल २०२' नावाची पद्धत रुळलेली होती, तीच उचलली. 'एक' म्हणायचं तर १२०० हर्ट्झ, 'शून्य' म्हणायचं तर २२००. दोन्ही माणसाच्या कानाला ऐकू येणारे स्वर. तारेला योग्य जोडणी करून छोटा स्पीकर लावला, तर रातकिड्यासारखी किरकिर ऐकू येते.

गाण्याची आवड असलेल्यांसाठी एक हिशेब. १२०० ला षड्ज मानलं, तर २२०० त्याच्या १.८३३ पट भरतो. कोमल निषाद १.८ पट, शुद्ध निषाद १.८७५ पट. म्हणजे हा स्वर दोन निषादांच्या मधोमध, पेटीवर न सापडणाऱ्या जागी बसतो. जगातल्या कितीतरी रिफायनऱ्या आणि खत कारखाने आतल्या आत सा आणि या मधल्या निषादावर बोलत असतात, ही कल्पना माझ्या मनातून काही केल्या जात नाही.

वेग म्हणाल तर सेकंदाला १२०० बिट. '१' च्या वाट्याला लहरीचं अवघं एक आवर्तन येतं, तेवढ्यात ओळखायचं. एक प्रश्न आणि त्याचं उत्तर यात साधारण अर्धा सेकंद जातो. आजच्या हिशेबाने ही बैलगाडी. पण टाकीची पातळी किंवा भट्टीचं तापमान काही क्षणात उडी मारत नाही. आणि ही सावकाश किरकिर साध्या आच्छादित तारेवरून सुमारे तीन किलोमीटरपर्यंत धडधाकट पोचते. घाई न करण्याची किंमत हार्ट घडवणाऱ्यांनी ओळखली होती.

संभाषणाची रीतही पाहण्यासारखी. विचारणारा आधी एकाच सुराची लांब तान लावतो, म्हणजे 'अहो, ऐका'. मग आज्ञेचा क्रमांक येतो. पहिला प्रश्न असतो शून्य क्रमांकाचा: तू कोण? उपकरण आपला निर्माता, जात आणि जगात दुसऱ्या कुणाचा नसलेला स्वतःचा क्रमांक सांगतं. १ क्रमांकाने मोजलेलं मूल्य विचारता येतं, ३४ ने डॅम्पिंग, म्हणजे सूचकाचा चंचलपणा किती आवरायचा ते बदलता येतं आणि ३५ ने रेंज. शिडी, प्लास्टिकचा कागद, 'आता किती?' हे सगळं त्या एका ३५ मध्ये मिटलं.

पण मला सर्वांत भावतं ते उत्तराचं स्वरूप. आपल्याकडे पत्र कशाहीबद्दल असो, वर 'येथील सर्व क्षेम' असायचंच. हार्टच्या प्रत्येक उत्तरात मजकुराच्या आधी असंच क्षेमकुशल येतं: आठ बिटांचा एक तुकडा. माझ्यात बिघाड आहे का, मधे वीज जाऊन मी नव्याने उठलो आहे का, माझी मोजणी मर्यादेबाहेर गेली आहे का. आणि त्यातला एक बिट सांगतो, 'तुमच्या मागच्या भेटीनंतर कुणीतरी माझी मांडणी बदलली आहे.' विचारलं असेल फक्त दाब किती, तरी हे सगळं न विचारता कळतं.

आता ही हाक कॉलमखाली उभं राहून हँडहेल्डनेच, म्हणजे तारेला जोडायच्या हातातल्या यंत्रानेच, मारायला हवी असं नाही. तारा कंट्रोल रूममधल्या कार्डापर्यंत येतातच. कार्डाला लाट वाचता येत असेल, तर पुढे संगणकाच्या जाळ्यावरून ऑफिसातल्या टेबलापर्यंत पोचता येतं. अडचण फक्त भाषेच्या बारकाव्यांची: शेकडो कंपन्यांची हजारो उपकरणं, प्रत्येकाच्या खोड्या वेगळ्या. त्यासाठी प्रत्येक उपकरणासोबत त्याच्या वर्णनाची फाइल मिळते. माझ्यात काय काय आहे, कशाला काय म्हणायचं, काय बदलता येतं, असं त्यात लिहिलेलं असतं. ती वाचली की अनोळखी उपकरणाचाही सगळा मेनू समोर उघडतो.

याचं मोल कळायला मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत समुद्रात जावं लागेल. १९७४ मध्ये तेल लागलेल्या मुंबई हायमध्ये विहिरींचे असे अनेक प्लॅटफॉर्म आहेत, जिथे कुणी वस्तीला नसतं. माणूस जायचा तर हेलिकॉप्टरने किंवा बोटीने, आणि पावसाळ्यातला अरबी समुद्र बोटीला सहज जवळ येऊ देत नाही. अशा जागी बसलेला ट्रान्समीटर खरंच बिघडला आहे की नुसती नळी तुंबली आहे, हे जाण्याआधी कळलं, तर एक फेरी वाचते. फेरी वाचली म्हणजे एका माणसाचा धोका वाचला.

व्हॉल्व्हची गोष्ट याहून नाजूक. आणीबाणीत बंद व्हायचा व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं उघडाच उभा असतो. गरजेच्या क्षणी तो गंजून अडकलेला निघाला तर? म्हणून दुरूनच त्याच्या पोझिशनरला, म्हणजे त्याला हलवणाऱ्या उपकरणाला, सांगतात: जरासा हल, दहा टक्के, आणि परत ये. प्रवाहात फारसा फरक पडत नाही, पण तेवढ्या हालचालीत किती जोर लागला, कुठे अडखळलं, हवा कुठे गळते, ते सगळं आलेखात उतरतं. झोपलेल्या पहारेकऱ्याला हळूच हाक मारून तो जागा होतो ना, एवढं बघून घ्यायचं.

जिथे हाक पोचते तिथे चूकही पोचते. समजा ट्रान्समीटरची रेंज ० ते १० बार आहे. कुणी ती दुरून ० ते १६ केली आणि कंट्रोल रूमच्या संगणकात बदलायची राहिली. उपकरण ८ बारसाठी १२ मिलिअँपियर पाठवेल, संगणक त्याच १२ ला ५ बार समजेल. दाब कमी आहे असं वाटून तो व्हॉल्व्ह आणखी उघडेल. दोघेही आपापल्या परीने खरं बोलत आहेत, म्हणून तर हे भयंकर. यासाठी जुनी माणसं आधी लूप मॅन्युअलवर घेतात, म्हणजे व्हॉल्व्हचा ताबा संगणकाकडून स्वतःकडे घेतात, आणि मगच रेंजला हात लावतात.

एक चुकीचा आकडा काय करू शकतो, ते टेक्सास सिटीने पाहिलं आहे. २३ मार्च २००५ रोजी तिथल्या रिफायनरीत ५२ मीटर उंचीच्या एका मनोऱ्यात द्रव सुमारे ४८ मीटरपर्यंत चढला. लेव्हल ट्रान्समीटर दाखवत होता अडीच मीटरहून कमी, आणि उतरती. त्याची मोजणी द्रवात बुडालेल्या दांड्याला किती उचल मिळते यावर चालायची आणि त्यात भरलेलं द्रवाचं विशिष्ट गुरुत्व त्या दिवसाच्या द्रवाचं नव्हतं. दांडा पूर्ण बुडाला, वरून द्रव तापून हलका होत गेला तशी उचल कमी झाली आणि आकडा खाली सरकला. स्फोटात १५ माणसं गेली, १८० जखमी झाली. दुर्घटनेची कारणं अनेक होती आणि दुरून कुणी काही बदललेलं नव्हतं. पण उपकरणाच्या पोटातल्या आकड्यावर किती जीव विसंबून असतात, हे इतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसतं.

म्हणून इतक्या दूरवरच्या संवादातही एक कुलूप हातानेच फिरवायचं ठेवलं आहे. पुष्कळ ट्रान्समीटरांत झाकणाखाली छोटा जंपर किंवा स्विच असतो. तो लावला की वाचता सगळं येतं, लिहिता काहीच येत नाही. २०१७ मध्ये सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल कारखान्याच्या सुरक्षा-नियंत्रकांमध्ये घुसखोरी झाली, तेव्हा त्या नियंत्रकांची किल्ली 'प्रोग्रॅम'वर, म्हणजे बदल करू देणाऱ्या जागी, राहिली होती. शिडी चढायचा कंटाळा करून जंपर कायमचा काढून ठेवणं मला म्हणूनच अजिबात पटत नाही.

आता तशाच दोन तारांवर सेकंदाला एक कोटी बिट धावणारं इथरनेट आलं आहे, हार्टच्या आठ हजारपटींहून वेगवान आणि स्फोटाचा धोका असलेल्या जागीही चालणारं. तरी जुनी किरकिर थांबलेली नाही.

तिच्यातली एक आज्ञा आहे, ७२ क्रमांकाची. प्लॅटफॉर्मवर एकसारखे वीस-तीस ट्रान्समीटर ओळीने उभे असतात, टॅगच्या पट्ट्या पावसाने पुसलेल्या, आणि खालून नुकताच चढून आलेला तंत्रज्ञ वॉकीटॉकीवर विचारतो, 'यातला तुमचा कुठला?' कंट्रोल रूममधून ७२ जाते. ज्या उपकरणांना ती कळते, त्यांचं काम एवढंच की आपला पडदा लुकलुकवायचा. ओळीतला सातवा लुकलुकतो. 'दिसला,' तंत्रज्ञ म्हणतो आणि पाना हातात घेतो.