घरच्या सुतारकामासाठी सरळ कापाची मार्गपट्टी : निवड आणि वापर

मीरा-भाईंदर परिसराचे झपाट्याने शहरीकरण झाले असले, तरी उत्तन, डोंगरी, पाली, राई, मुर्धे या गावांत आजही काही घरांना अंगण, परस आणि पडवी आहे. मधपेट्या, कोंबड्यांची खुराडी, रोपांच्या मांडण्या, भाजीचे खोके, धान्याची पेटी अशी कामे पडवीत घरच्या घरी करता येतात. या कामांत सर्वांत अवघड भाग म्हणजे लांब व सरळ काप.

काप सरळ का हवा, हे मधपेटीच्या उदाहरणावरून समजेल. पेटीची भिंत व चौकट यांमध्ये माशांच्या ये-जा करण्यापुरती, सुमारे ६ ते ९ मि.मी. जागा ठेवावी लागते. लँगस्ट्रॉथ यांनी १८५१ मध्ये हे तत्त्व ओळखले आणि आधुनिक मधपेटी त्यावरच उभी आहे. जागा यापेक्षा रुंद झाली तर माशा तेथे जादा पोळे बांधतात व चौकट उचलताना ते तुटते. म्हणजे फळी ३ मि.मी. वाकडी कापली गेली तरी पेटी बिघडते.

मार्बल कटर नको

आपल्याकडे अनेक ठिकाणी फरशी कापण्याच्या मार्बल कटरला लाकडाचे पाते लावून प्लायवुड कापले जाते. यंत्र स्वस्त व हलके असले तरी ही पद्धत धोक्याची आहे. हे यंत्र मिनिटाला १२,००० च्या आसपास फेरे घेते. पात्याखाली आपोआप मिटणारे झाकण त्याला नसते. पात्यामागे चीर उघडी ठेवणारी पोलादी पट्टीही नसते. चीर मिटून पाते अडकले की यंत्र उसळून कापणाऱ्याच्या अंगावर येते. बोट गेले तर वाचवलेल्या पैशाचा काय उपयोग? लाकडासाठी लाकडाचेच यंत्र वापरावे.

मार्गपट्टीचे तीन प्रकार

१) घरी केलेली पट्टी : ६ मि.मी. जाडीच्या प्लायवुडच्या तळपट्टीवर १२ मि.मी. प्लायवुडची सरळ पट्टी चिकटवून स्क्रूने घट्ट करावी. वरच्या पट्टीसाठी कारखान्यातून आलेली कड वापरावी. साध्या गोल करवतीचा तळ या पट्टीला टेकवून तळपट्टीची जादा कड एकदा कापून टाकावी. उरलेली कड हीच कापाची रेषा होय. पुढे ही कड खुणेवर ठेवली की झाले. खर्च अत्यल्प येतो, मात्र पावसाळ्यात प्लायवुड फुगते व पट्टी पुन्हा तपासावी लागते.

२) शिकंज्याची ॲल्युमिनियम पट्टी : ही पट्टी तक्त्यावर आवळून करवत तिच्या कडेने चालवतात. पाते व करवतीच्या तळाची कड यांतील अंतर प्रत्येक वेळी मोजून पट्टी तेवढी सरकवावी लागते. हातून करवत पट्टीपासून सुटण्याचीही शक्यता राहते.

३) रेल व ट्रॅक सॉ : यात करवतीचा तळ रेलवरील उंचवट्यावर बसतो, त्यामुळे यंत्र बाजूला सरकत नाही. रेलच्या कडेची रबरी पट्टी पहिल्या कापात पात्यानेच कापली जाते व नेमकी कापरेषा दाखवते. ती लाकूड दाबून धरत असल्याने ढलप्या कमी उडतात. पाते खाली दाबल्यावरच बाहेर येते. हा प्रकार सर्वांत महाग, पण सर्वांत अचूक आहे.

टेबलावरील करवतीत तक्ता सरकवावा लागतो. ८ फुटी तक्त्यासाठी पात्यापुढे ८ आणि मागे ८ फूट जागा लागते. रेल पद्धतीत तक्ता जागेवर राहतो व यंत्र चालते. लहान पडवीला म्हणूनच ही पद्धत सोयीची.

निवड करताना

लांबी : प्लायवुडचा पूर्ण तक्ता २४४० × १२२० मि.मी. असतो. कापाच्या लांबीपेक्षा रेल थोडी जास्त हवी, कारण सुरुवातीला व शेवटी यंत्र रेलवर टेकले पाहिजे. आडव्या कापास १४०० मि.मी. रेल पुरते. उभ्या कापासाठी १४०० च्या दोन रेल जोडून २८०० मि.मी. लांबी मिळते. अखंड लांब रेल जास्त सरळ राहते, पण जिन्याच्या वळणावर किंवा रिक्षातून नेणे जमत नाही.

मेळ : प्रत्येक कंपनीची करवत दुसरीच्या रेलवर बसतेच असे नाही. मकिता व फेस्टूल यांच्या रेल एकमेकींशी जुळतात. बॉशच्या रेलचा आकार वेगळा आहे. करवत व रेल दुकानात एकत्र बसवून पाहावी. रबरी पट्टी, शिकंजे व जोडपट्ट्या सुट्या मिळतात का, हेही विचारावे.

सरळपणा : रेलच्या कडेने बारीक रेषा ओढावी. मग रेल अर्धा फेरा फिरवून तीच कड दुसऱ्या बाजूने रेषेला लावावी. मध्ये फट दिसली तर रेल वाकडी समजावी. दिसणारी फट प्रत्यक्ष दोषाच्या दुप्पट असते.

कापताना घ्यावयाची काळजी

● काटकोन तपासण्यासाठी ६०, ८० व १०० सें.मी.चा त्रिकोण आखावा. शेतात वाफे आखतानाची रीत येथेही चालते.

● पात्याची चीर हिशेबात धरावी. चीर २.२ मि.मी. असेल तर २४४० मि.मी.चे चार समान तुकडे ६१० चे होणार नाहीत. तीन कापांत ६.६ मि.मी. जातात व प्रत्येक तुकडा सुमारे ६०८ मि.मी.चा मिळतो.

● पाते तक्त्याखाली सुमारे ५ मि.मी. बाहेर येईल एवढीच खोली ठेवावी. रेलची जाडी त्यात मिळवण्यास विसरू नये. तक्त्याखाली सर्वत्र आधार द्यावा.

● प्लायवुडला ४८ दात्यांचे, तर फळी रेषांच्या दिशेने चिरण्यास २४ दात्यांचे पाते वापरावे. पाते बदलण्यापूर्वी प्लग काढावा.

● १३०० वॉटचे यंत्र २३० व्होल्टवर सुमारे ५.७ अँपिअर प्रवाह घेते. त्यामुळे अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा सॉकेट वापरावा. व्होल्टेज कमी असताना जोर लावू नये.

● लाकडाची बारीक धूळ कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये नमूद केले आहे. मास्क, चष्मा व शक्य तर धूळ ओढणारे यंत्र वापरावे. लहान मुलांना दूर ठेवावे.

● खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमवर पांढरे डाग पडतात व पोलादी पाते गंजते. काम झाल्यावर रेल कोरड्या फडक्याने पुसून भिंतीवर उभी टांगावी, भिंतीशी तिरपी टेकवून ठेवू नये. पात्याला तेलाचा हात द्यावा.

परसातील झाड तोडून फळ्या पाडण्याचा विचार असल्यास महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये महानगरपालिकेची परवानगी आधी घ्यावी.

थोडक्यात, वर्षाला दोन-चार पेट्या करावयाच्या असतील तर चांगली गोल करवत व घरची पट्टी पुरेशी आहे. काम नियमित असेल तर ट्रॅक सॉ व १४०० मि.मी.ची एक रेल घ्यावी, दुसरी रेल गरज पडेल तेव्हा घ्यावी. पैसे कमी पडत असतील तर रेलची लांबी कमी करावी, यंत्राच्या सुरक्षिततेत मात्र काटकसर करू नये.