जीपचे इंजिन बदलले, पण उष्णतेचे काय?

घाटाच्या वळणावर बॉनेट उघडे टाकून, वाफा सोडत उभी राहिलेली जीप तुम्ही कधी ना कधी पाहिली असेल. चालक जवळच्या ओढ्यातून डबा भरून आणतो आणि बाकीची मंडळी झाडाच्या सावलीत बसून वाट पाहतात. जुन्या, दमलेल्या गाडीचे असे झाले तर कोणाला नवल वाटत नाही. परंतु जुन्या जीपमध्ये नवे, दुप्पट ताकदीचे इंजिन बसवले, रेडिएटरही मोठा घातला, आणि तरीही चिखलाच्या पहिल्याच चढावर पाणी उकळले, तर मात्र मालक बुचकळ्यात पडतो. या कोड्याचे उत्तर तुमच्या शाळेतल्या उष्णतेच्या धड्यातच आहे. ते आपण शोधू या.

मुंबईत महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी १९४७ साली सुरू केली. दुसऱ्या महायुद्धात नाव कमावलेल्या विलीज जीपचे पेट्रोल इंजिन सुमारे २.२ लिटरचे आणि ६० अश्वशक्तीचे, म्हणजे साधारण ४५ किलोवॉटचे होते. पेट्रोल महागले तशी अनेकांनी अशा गाड्यांत डिझेल इंजिने बसवली. आज आडवाटेने गाडी हाकण्याचा छंद असलेली मंडळी याच सांगाड्यात १०० ते १२० अश्वशक्तीचे टर्बो डिझेल इंजिन बसवतात. (इंजिन बदलायचे तर मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे आधी नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते, हे जाता जाता सांगून ठेवतो.) गाडीची पुढची जाळी मात्र तेवढीच राहते. तिच्यामागची रेडिएटरची जागाही तेवढीच.

इंधन जळून जी ऊर्जा मिळते तिचे ढोबळमानाने तीन वाटे होतात. एक वाटा चाकांकडे जातो, दुसरा धुराड्यातून निघून जातो, आणि तिसरा इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यात उतरतो. डिझेल इंजिनात चाकांचा वाटा जरा मोठा व पाण्याचा जरा लहान असतो, इतकेच. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. इंजिन १२० अश्वशक्तीचे आहे म्हणून ते सदासर्वकाळ १२० अश्वशक्तीची उष्णता ओकत नाही. तुम्ही त्याच्याकडून जेवढे काम करून घ्याल, त्या मानाने उष्णता निर्माण होते. म्हणून आधी कामाचा हिशेब करू.

माणसांसह जीपचे वस्तुमान १८०० किलोग्रॅम धरा. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना तिला हवेचा आणि टायरांचा विरोध तेवढा मोडावा लागतो. त्यासाठी चाकांपाशी सुमारे ८ ते ९ किलोवॉट पुरतात. आता हीच जीप चिखलाच्या वाटेने ६ मीटरमागे १ मीटर चढणाऱ्या उतारावर ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर, वेगाने चढू द्या. वजनाविरुद्ध लागणारी शक्ती १८०० × ९.८ × १/६ × ५, म्हणजे १४.७ किलोवॉट होते. चिखलाचा विरोध वजनाच्या एकदशांश धरला, तर आणखी ८.८ किलोवॉट लागतात. बेरीज झाली २३.५ किलोवॉट. गिअर आणि आसांमध्ये वाया जाणारी शक्ती धरली की इंजिनाला जवळजवळ ३० किलोवॉट द्यावे लागतात.

पाहा कशी गंमत आहे! वेग ६० वरून १८ वर आला, पण काम तिप्पट झाले. समोरून येणारा वारा मात्र तिपटीहून कमी झाला. रस्त्यावरच्या मोटारीला वेगाबरोबर वाराही फुकट मिळतो. आडवाटेच्या गाडीच्या नशिबी तो नसतो. शिवाय जुने इंजिन हा चढ रडतखडत चढत असे, नवे इंजिन हाती आले की चालक तोच चढ ताशी ३० ने चढू पाहतो. मग चाकांपाशीच ३९ किलोवॉट लागतात. इंजिन बदलल्यावर उष्णता वाढते ती अशी, पायाखालच्या पेडलमधून.

आता १८ च्या वेगाचाच हिशेब पुढे नेऊ. पाण्यात २५ किलोवॉट उष्णता उतरते असे धरा. एक किलोग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४.१८ किलोज्यूल लागतात. तेव्हा रेडिएटरमधून दर सेकंदाला १ लिटर पाणी वाहत असेल आणि ते ६ अंशांनी निवत असेल, तर २५ किलोवॉटची वासलात लागली. ही उष्णता घेणार कोण? हवा. हवेची विशिष्ट उष्णता पाण्याच्या जेमतेम पाव पट, आणि एक घनमीटर हवेचे वजन फक्त १.१ किलोग्रॅमच्या आसपास. बाहेरची हवा ४० अंशांवर आत शिरून ७० अंशांवर बाहेर पडली, असे मानले तर दर सेकंदाला ०.८३ किलोग्रॅम, म्हणजे सुमारे ७४० लिटर हवा रेडिएटरमधून जायला हवी. पाणी १ लिटर, हवा ७४० लिटर! घोडे पेंड कुठे खाते ते आता तुमच्या लक्षात आले असेल. पाण्याची बाजू सहसा पुरी पडते, अडते ते हवेच्या बाजूला. पाण्याच्या नळ्यांना हवेकडून पातळ पट्ट्यांची दाट झालर लावलेली असते, ती याच कारणाने. हवा उष्णता उचलायला आळशी, म्हणून तिला भरपूर पृष्ठभाग द्यायचा.

शिक्षकांना हे वर्गात दाखवता येईल. झाकणाचे तीन सारखे पत्र्याचे डबे घ्या आणि त्यांत सारखेच गरम पाणी भरून झाकणे घट्ट लावा. पहिला तसाच ठेवा. दुसरा दोऱ्याने टांगून मधूनमधून हलक्या हाताने फिरवा, म्हणजे आतले पाणी ढवळेल. तिसरा टेबलपंख्यासमोर ठेवा. वीस मिनिटांनी तापमापी बुडवून पाहा. दुसऱ्या डब्यात पहिल्यापेक्षा थोडाच फरक दिसेल, तिसरा मात्र चांगलाच निवलेला असेल.

मोठा रेडिएटर घालूनही पाणी का उकळते, याचे एक उत्तर येथे मिळते. जाळीची रुंदी वाढवता येत नाही, म्हणून जाड रेडिएटर घालतात: दोन ओळींच्या जागी चार ओळी नळ्या. पण पहिल्या ओळीला ४० अंशांची हवा मिळते, चौथीला आधीच्या तिघींनी तापवलेली. समजा, पाणी ९५ अंशांवर आहे आणि प्रत्येक ओळ उरलेल्या तापमान-फरकाच्या ३० टक्के एवढी हवा तापवते. पहिल्या ओळीत हवा १६.५ अंशांनी तापेल, दुसरीत ११.५, तिसरीत ८, चौथीत ५.५ च्या आसपास. शिवाय जाडी वाढली की हवेला वाट काढणे कठीण होते, आणि पंखा तोच असेल तर एकूण हवाच कमी होते. टर्बो इंजिनाचा इंटरकूलर रेडिएटरपुढे टांगला, तर पहिल्या ओळीलाही शिळी हवा मिळते. तांबे घ्यावे की अ‍ॅल्युमिनियम, यावर मात्र लोक विनाकारण भांडतात. तांबे उष्णता अधिक चांगली वाहून नेते हे खरे, परंतु अडचण धातूत नाही, धातूकडून हवेकडे जाण्यात आहे.

तेव्हा माझ्या मते पैसे खर्च करायचेच तर आधी पंख्यावर आणि त्याच्या कड्यावर करावेत. पंख्याभोवती पत्र्याचे किंवा प्लॅस्टिकचे जे नरसाळे असते त्याला गॅरेजवाले काऊल म्हणतात. इंजिन बदलताना हे पहिल्यांदा अडगळीत जाते, कारण नव्या इंजिनाचा पंखा जुन्या रेडिएटरच्या मध्यभागी येत नाही. काऊल नसेल, तर पंखा आपल्यासमोरच्या गोलाकार भागातूनच हवा ओढतो आणि चार कोपरे कोरडे राहतात. त्याहून वाईट म्हणजे पात्यांच्या टोकांशी मागची गरम हवाच पुन्हा पुढे वळते. काऊल पूर्ण रेडिएटर झाकणारे हवे आणि पात्यांच्या टोकांपासून बोटभर अंतरावर हवे.

पट्ट्याने फिरणारा पंखा इंजिनाच्या गतीने फिरतो. त्याची गती दुप्पट झाली की हवा दुप्पट मिळते, पण त्याला लागणारी शक्ती आठपट होते. विजेचा पंखा इंजिन मंद असतानाही पूर्ण गतीने फिरतो, हा त्याचा मोठा गुण. पण १२ व्होल्टवर २० अँपिअर घेणारा पंखा म्हणजे २४० वॉट. जुन्या जीपच्या डायनामोला हा भार झेपत नाही, मोठा अल्टरनेटर आणि जाड वायर हवी. नदी ओलांडताना पंखा कोणताही असो, तो पाण्यात फिरता ठेवू नये. पाण्याच्या रेट्याने पाती वाकून रेडिएटरमध्ये घुसतात.

आत आलेली हवा बाहेरही पडायला हवी, हे अनेकजण विसरतात. मोठ्या इंजिनाने बॉनेटखालची जागा ठासून भरली की गरम हवा तेथेच कोंडते. बॉनेटच्या बाजूंना झडपा कापल्या तर फायदा होतो. बॉनेटची मागची कड वर उचलून ठेवण्याची युक्ती मात्र वेगात अंगाशी येते, कारण काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो आणि हवा तेथून आत घुसते.

आता पाण्याकडे वळू. “थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी थंड राहील,” असा सल्ला तुम्हाला रस्तोरस्ती मिळेल. थर्मोस्टॅट म्हणजे मेणाने चालणारी झडप. पाणी ८० ते ८५ अंशांच्या आसपास तापले की मेण वितळून फुगते आणि रेडिएटरची वाट उघडते. चढावर ती पूर्ण उघडीच असते, मग काढून काय मिळणार? उलट काही इंजिनांत हीच झडप उघडताना दुसरी, रेडिएटर टाळून जाणारी वाट बंद करते. ती काढली की पुष्कळसे पाणी रेडिएटरकडे न जाता परस्पर इंजिनात परतते आणि गाडी जास्तच तापते. पाणी फार जोरात वाहिले तर त्याला निवायला वेळ मिळत नाही, ही समजूतही चुकीची आहे. जोरात वाहणारे पाणी दर फेरीला कमी निवते खरे, पण त्यामुळे रेडिएटर वरपासून खालपर्यंत गरम राहतो, आणि रेडिएटर जितका गरम तितकी हवेला मिळणारी उष्णता जास्त, हा न्यूटनचा नियम तुम्ही शिकला आहात.

नवे इंजिन उंच असेल तर आणखी एक अडचण येते. जुन्या रेडिएटरचे तोंड इंजिनाच्या माथ्यापेक्षा खाली राहते आणि हवेचा बुडबुडा इंजिनाच्या डोक्यात अडकतो. तेथे पाणी पोहोचत नाही, धातू तापून वाकतो. यावर उपाय म्हणजे पाण्याची जास्तीची टाकी सर्वांत उंच जागी बसवणे.

रेडिएटरचे झाकण प्रेशर कुकरच्या शिट्टीचे काम करते. वातावरणाच्या दाबावर आणखी तेवढाच दाब चढला तर पाणी १०० ऐवजी १२० अंशांना उकळते. महाबळेश्वरला उघडे पाणी ९५–९६ अंशांनाच उकळते, तेव्हा घाटमाथ्यावर या झाकणाचे मोल वाढते. पण जुन्या, झाळलेल्या रेडिएटरला जास्त दाबाचे झाकण बसवले तर सांधे उसवतात. आणि तापलेले झाकण कधीही उघडू नका. हिशेब करून पाहा: १० लिटर पाणी ११५ अंशांवर आहे आणि दाब एकदम गेला, तर वरच्या १५ अंशांची उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. वाफेचा अप्रकट उष्मा दर किलोग्रॅमला २२५७ किलोज्यूल, म्हणजे सुमारे २८० ग्रॅम पाण्याची वाफ होते. तिचे आकारमान साडेचारशे लिटरांहून अधिक! ती झाकणाच्या तोंडातून उकळते पाणी घेऊन क्षणात बाहेर येते, आणि समोर झाकण उघडणाऱ्याचा चेहरा असतो.

तापमान दाखवणाऱ्या काट्यावरही आंधळा विश्वास ठेवू नये. पाणी गळून गेले की त्याचे बोंडूक कोरडे पडते आणि काटा खाली येतो. चालकाला वाटते गाडी निवली, प्रत्यक्षात इंजिन भाजत असते. चढावर काटा अचानक खाली आला तर गाडी लगेच थांबवावी.

दोष हवेचा की पाण्याचा, हे ठरवण्याची सोपी रीत आहे. गाडी तापलेली असताना रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या नळीच्या तोंडाचे तापमान दुरून मोजणाऱ्या तापमापीने पाहावे. दोन्ही खूप गरम आणि फरक चार-पाच अंशांचाच असेल, तर पाणी भरपूर वाहते आहे पण हवा उष्णता नेत नाही. मग पंखा, काऊल आणि पट्ट्यांत अडकलेला चिखल तपासावा. फरक वीस-पंचवीस अंशांचा असेल, तर पाणीच पुरेसे फिरत नाही. पंप, बोअरच्या जड पाण्याच्या क्षाराने बुजलेल्या नळ्या किंवा पंपाच्या ओढीने आत चिमटलेली खालची रबरी नळी, यांपैकी काहीतरी सापडेल.