सुतळी, पट्टी आणि अचूक माप

लंगोटाचा पक्का हा शब्दप्रयोग तालमीतून आपल्या बोलण्यात आला. लंगोट कसून बांधता येतो, सैलही करता येतो. चॅस्टिटी केज, म्हणजे लिंगावर घालायचा कुलूपबंद पिंजरा, मात्र बहुधा धातूची किंवा कडक प्लास्टिकची. ती ताणली जात नाही, म्हणून माप आधी.

हे माप घरच्या घरी घेता येते. सगळ्यात महत्त्वाची पिंजऱ्याची मागची कडी. ती लिंग आणि अंडकोश या दोन्हींच्या मागून जाते. तिथे मऊ सुतळी गुंडाळावी, टेकेल पण रुतणार नाही अशी; जिथे टोके मिळतात तिथे खूण करून पट्टीवर मोजावी. आलेल्या आकड्याला 3.14 ने भागले की व्यास मिळतो. सुतळी 141 मिलिमीटर भरली, तर कडी 45 मिलिमीटरची. मग शिथिल अवस्थेतली लांबी घ्यावी. पिंजरा तेवढाच किंवा किंचित आखूड असावा.

एकदाच मोजून थांबू नये. थंडीत अंग आखडते, उन्हात सैलावते, आणि सोलापूरसारख्या ठिकाणी मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. म्हणून सकाळी, दुपारी, रात्री अशी तीन मापे घ्यावीत.

झोपेत पुरुषाला रात्रीतून अनेकदा आपोआप ताठरता येते. घट्ट कडी तेव्हाच छळते. त्यामुळे सुरुवात दिवसा, तासाभर घालूनच करावी. कातडी निळसर, थंड किंवा बधिर वाटली तर केज लगेच काढावी. निघत नसेल तर लाज न बाळगता तातडीने रुग्णालय गाठावे. किल्ली कायम हाताशी हवी. मधुमेह असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.