भेंडी बाजार आणि दोन गृहीतकं

‘गृहीतक’ म्हटलं की पेटच्या तयारीत पाठ केलेली व्याख्या आठवते, हो ना? आज तेच गृहीतक जरा बाजारात नेऊन बघूया.

इतिहासात पीएच.डी. करणाऱ्या मैत्रिणीबरोबर मी नुकतीच मुंबईच्या भेंडी बाजारात फिरले. क्रॉफर्ड मार्केटकडून मोहम्मद अली रोडने उत्तरेला चालत गेलं की मिनारा मशीद लागते. पुढे बोहरी मोहल्ला, आतल्या संगमरवरी भिंतींवर संपूर्ण कुराण कोरलेला रौदत ताहेरा, आणि मटन स्ट्रीटवरचा चोर बाजार. पण आम्ही अडकलो एका साध्या प्रश्नावर: हे नाव आलं कुठून?

उत्तरं दोन मिळतात. पहिलं, इथे भेंडीची झाडं होती. भाजीची भेंडी नव्हे. किनारपट्टीवर वाढणारा, पिवळ्या फुलांचा वृक्ष. दुसरं, फोर्टातले इंग्रज क्रॉफर्ड मार्केटपलीकडच्या या भागाला ‘बिहाइंड द बाजार’ म्हणायचे, त्याचा अपभ्रंश झाला.

आता यातलं ‘पटतं कुठलं’ हे विचारू नका. ‘हे खोटं कशाने ठरेल’ हे विचारा. क्रॉफर्ड मार्केट पूर्ण झालं १८६९ मध्ये. समजा, १८५५च्या एखाद्या नकाशात किंवा दस्तऐवजात ‘भेंडी बाजार’ सापडलं, तर दुसरं गृहीतक तिथेच बाद. आणि नाही सापडलं तर? तर ते सिद्ध होत नाही, फक्त टिकून राहतं. हा फरक नीट लक्षात ठेवा, मुलाखतीत हमखास विचारतात.

चिंचपोकळी, वडाळा, ताडदेव ही नावंही झाडांशी जोडली जातात. त्यामुळे पहिल्या गृहीतकाला बळ मिळतं. पण साधर्म्य म्हणजे पुरावा नव्हे.

दुकानदारांना विचारलं तर? मैत्रीण म्हणाली, “जरूर विचार. पण त्यातून आज लोक काय मानतात ते कळेल, दीडशे वर्षांपूर्वी काय घडलं ते नाही.” म्हणजे माहिती दोन्हीकडे आहे, प्रश्न वेगवेगळे आहेत. म्हणून तिच्या वहीत प्रत्येक उत्तरापुढे दोन रकाने असतात: कधी सांगितलं आणि सांगणाऱ्याने ते कुणाकडून ऐकलं.

आणि हे आत्ताच का करायचं? कारण इथे साडेसोळा एकरांवर, सुमारे २५० इमारतींचा समूह पुनर्विकास सुरू आहे. रहिवाशांना सुरक्षित घरं हवीतच, त्यात वाद नाही. पण जुनी पाटी, दारावर कोरलेलं साल, तळमजल्यावरचं पिढीजात दुकान एकदा हललं की ती नोंद परत घेता येत नाही. प्रयोगशाळेत नमुना पुन्हा बनवता येतो; मोहल्ला नाही येत.

या रविवारी तुमच्या गावातलं एक नाव घ्या. दोन स्पष्टीकरणं लिहा आणि प्रत्येकाखाली एक ओळ: ‘काय सापडलं तर मी हे सोडून देईन?’ ती ओळ लिहिता आली, की तुमच्या हातात गृहीतक आहे. नाही आली, तर तो अजून किस्साच आहे.